आजी आणि आमिनाची ओवी

मागच्या रविवारी राजुरीला माझ्या माहेरी सगळे जमले होते. माझ्या नातीने स्पीकरवर गाणी लावली आणि म्हणाली, "आजी, ही आमची जुनी गाणी हं... दहावीतली!" पोरगी अजून पंचविशीचीसुद्धा नाही. पण गाणं सुरू झालं आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की मला एकदम माझी आजी आठवली.

माझी आजी, सरू. माहेर जुन्नरचं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला ती बारा-तेरा वर्षांची होती. तेव्हा ना रेडिओ, ना सिनेमा. त्या वयातल्या मुलींचं संगीत म्हणजे पहाटेचं जातं...

शेजारी कागदी लोकांचं घर होतं. हाताने कागद बनवायचा हा त्यांचा पिढीजात धंदा. ओले कागद घराच्या भिंतींना चिकटवून वाळवायचे. त्या घरातली आमिना आजीच्याच वयाची. पहाटे दोघी एकाच जात्यावर दळायला बसायच्या, एकच खुंटा दोघींच्या हातात.

गाणी घरातल्या बायकांची ऐकून ऐकून पाठ झालेली. पण एक ओवी मात्र या दोघींनी स्वतः जुळवली होती. पहिली ओळ आमिनाने म्हणायची, दुसरी आजीने.

मग एका वर्षी प्लेग जोरात आला. गाव रिकामं झालं. आजीच्या वडिलांनी शेतात झोपडी बांधली. आमिनाचं घर कुठे गेलं ते कळलंच नाही. साथ ओसरल्यावर लोक परत आले, तेव्हा कागद्यांच्या दाराला कुलूप होतं. कुणीतरी सांगितलं, "ते घर समदं गेलं बाई."

आजी खूप रडली. त्याच वर्षी तिचं लग्न झालं आणि ती राजुरीला आली. सासरी नाव बदललं... सरू म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही.

हे सगळं तिनेच मला सांगितलेलं. पण ती ओवी काही म्हणून दाखवायची नाही. मी फारच मागे लागले की म्हणायची, "अर्धी आमिनाची हाय ती. मी येकलीनं कशी म्हनू?"

मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. घरात लग्न होतं आणि मला बांगड्या भरायला आजी ओतूरच्या बाजारात घेऊन गेली. दुकानात बरीच गर्दी होती. बांगडीवाले काका माझा हात दाबून बांगडी चढवत होते आणि मी डोळे गच्च मिटून बसले होते...

आतल्या खोलीत एक म्हातारी तांदूळ निवडत होती. सुपातले खडे बाजूला टाकता टाकता स्वतःशीच गुणगुणत होती.

"कागद वाळती गं बाई, भिंतीला ओळीओळी..."

आजीचा हात माझ्या खांद्यावर होता. तो एकदम घट्ट झाला. आतली म्हातारी एवढं म्हणून थांबली. थोड्या वेळाने पुन्हा तीच ओळ, पुन्हा तिथेच थांबली. पुढचं काही म्हणेचना.

आणि मग माझ्या आजीने, भर दुकानात, लोकांसमोर, कापऱ्या आवाजात पुढची ओळ म्हटली.

"आमिना माझी सई, दळाया ये सकाळी..."

आत सूप खाली पडल्याचा आवाज आला.

"कोन हाय गं भायेर?"

"सरू."

"सरू तर पलेगात गेली..."

"मी बी तुला तसंच रडले गं, आमिना."

बांगडीवाले काका हातातली बांगडी तशीच धरून बघत राहिले. ती त्यांची अम्मा होती. प्लेगच्या वेळी मामाने आमिनाला ओतूरला आणलं होतं आणि पुढे तिथेच तिचं लग्न झालं. सरू गेल्याचं तिलाही कुणीतरी असंच सांगितलं होतं. राजुरी ते ओतूर, अंतर ते केवढं... आणि दोघींनी सगळं आयुष्य एकमेकींना मेलेलं समजून काढलं.

दोघी एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवत होत्या, पण ओळखीचं काही सापडत नव्हतं. दात गेलेले, केस पांढरे. शेवटी आमिनाआजी म्हणाली, "खरं सांगू, सरू? तुझं त्वांड मला आठवतच नव्हतं. गानं तेवढं ऱ्हायलं बघ."

त्यानंतर आजीचा ओतूरचा बाजार कधी चुकला नाही. पिशवी बहुतेक वेळा रिकामीच परत यायची.

चार-पाच वर्षांनी माझं लग्न ठरलं. हळद दळायला जातं मांडलं, तेव्हा आजीने आमिनाआजीला हाताला धरून आणलं आणि समोर बसवलं. नात्यातल्या एक बाई कुजबुजल्या, "जात्याला घरच्याच बाया बसवत्यात." आजीने मान वर केली आणि सरळ सांगितलं, "ही घरचीच हाय. तुमी समदे नंतरचे."

दोघींनी एकच खुंटा धरला. ती ओवी झाली... आणि मग त्यांनी तिथल्या तिथे माझ्या नावाची नवी ओवी जुळवायला घेतली. मध्येच शब्द अडला, तशा दोघी हसत सुटल्या. सत्तरीला टेकलेल्या बायका नव्हत्याच त्या. दोन तेरा वर्षांच्या मुली माझ्या समोर बसल्या होत्या.

दोघींना जाऊन आता किती वर्षं झाली... पण त्या दोघींनी गात गात दळलेली हळद माझ्या अंगाला लागली. आयुष्याकडून मला बरंच काही मिळालं, त्यात सगळ्यात आधी मी तेच मोजते.