कूलरच्या गवताचा वास

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टरच उडवलीय. नोएडात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पुराव्याशिवाय साधा बगसुद्धा मान्य करत नाही. तरी हे लिहितेय...

गेल्या एप्रिलात बाबांना जबर फ्लू झाला. व्हेंटिलेटर, स्टेरॉइड — सगळ्यातून निभावून ते दिल्लीतल्या मयूर विहारच्या घरी आले. वास येणं मात्र पार बंद झालं, फोडणीसुद्धा कळेना. आई होती तेव्हा दर गुढीपाडव्याला कूलरचं गवत बदलायची. त्या वर्षी दवाखान्याच्या धावपळीत राहून गेलं. बाबांनी विचारलं, "गवत नवीन घातलंस ना?" "बिल्कुल!" मी चक्क खोटं बोलले आणि कूलर लावला. ते खोटं मला आजही खुपतं.

पाचव्या दिवशी पुन्हा ताप, खोकल्यातून रक्त. पुन्हा आयसीयू. अँटिबायोटिक बदलूनही ताप हटेना. दुपारी भेटायला गेले तर बाबा मास्क बाजूला करून म्हणाले, "मनू, कुजक्या गवताचा वास येतोय गं... कूलरच्या."

तिथे कूलर कुठला! मला वास नाही, सिस्टरना नाही. घरी जाऊन कूलरची जाळी उघडली — गवतावर काळी-हिरवी बुरशी.

फोटो घेऊन डॉक्टरांसमोर उभी राहिले. "सर, फंगस की जाँच कीजिए."

"कमज़ोर हैं, मैडम. दूरबीन डालने में रिस्क है."

"साइन मैं करती हूँ. जाँच के बिना यहाँ से हिलूँगी नहीं."

दुर्बिणीने फुप्फुसातला नमुना काढून तपासला. बुरशीच निघाली. औषध सुरू झालं आणि चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "वास गेला बघ."

डॉक्टर म्हणाले, ही बुरशी हवेत सगळीकडे असते. व्हायरसने, स्टेरॉइडने खचलेल्या फुप्फुसात शिरते. कूलरमधूनच आली असं छातीठोक सांगता येणार नाही. ठीक आहे. पण सोसायटीत असा पेशंट घरी आला की मी जाऊन बजावते — ओलं, जुनं गवत आधी बाहेर काढा. ताप परतला तर बुरशीच्या तपासणीचं विचारा, हट्टाने विचारा.

बाबांना तेव्हा तो वास कसा आला, ते मला आजही सांगता येत नाही. काल त्यांच्या नाकाशी हिंगाची भरलेली डबी उघडून धरली. डोळे मिटून बराच वेळ हुंगत राहिले.

"रिकामी डबी काय देतेस?" म्हणाले.