पोटाला दिलेला शेक

"कितवा महिना, ताई?" हे मला पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा माझ्या जुळ्या मुली बालवाडीत होत्या. शेवटचं विचारलं गेलं तेव्हा त्या दहावीला होत्या. मधल्या काळात लग्नात, बँकेत, भिंगारच्या भाजीबाजारात कुणी कुणी विचारलं ते सांगत बसले तर सकाळची संध्याकाळ होईल. शेवटच्या वेळी कंपनीच्या बसमध्ये एक नवीन लागलेली मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बसा ना मावशी, अशा दिवसांत उभं राहू नये." पोरीचं मन चांगलं होतं. पण माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की नागापूर येईपर्यंत मी उभीच राहिले. मग तीही बिचारी उभी राहिली, आणि सीट रिकामीच नागापूरला पोचली.

मुली पोटात असताना कातडी जी ताणली गेली ती नंतर काही जागेवर आली नाही. ओटीत धान्य घेतल्यासारखी पुढे लोंबायची. लोकांना फक्त वरचं दिसत होतं. खालच्या घडीत उन्हाळाभर घाम साचायचा, पुरळ उठायचं, खाजवून खाजवून जखमा व्हायच्या. आमचं काम उभ्याचं, पॅकिंगच्या लाइनवर देखरेख करायची. दुपारनंतर ती घडी अशी चुरचुरायची की रडू यायचं. मी चालले, पळाले, भात सोडला, गोड सोडलं, गल्लीतल्या प्रत्येक बाईने सांगितलेला काढा प्याले. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ही कातडी व्यायामाने जाणार नाही, आणि आतले स्नायूही फाकलेत. जादा कातडी काढून स्नायू शिवून घ्यावे लागतील. मी म्हटलं, घ्या शिवून.

खरा ताप त्यानंतर सुरू झाला. आमचे हे म्हणाले, "लोकांना आपण हर्निया सांगू." का, तर म्हणे तेवढं बरं दिसतं. मी विचारलं, "म्हणजे आतडं बाहेर आलं तर ऑपरेशन करायचं आणि कातडी बाहेर आली तर जन्मभर झाकून ठेवायची?" त्यांनी पेपर उघडला. आमच्या घरात पुरुषांकडे उत्तर नसलं की पेपर असतो. वरच्या मजल्यावरच्या जाऊबाईंना तरीही खरं कळलंच. त्या जिन्यातच म्हणाल्या, "या वयात कुणाला दाखवायचंय पोट?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाला दाखवायचं नाही म्हणूनच तर करतेय, बाई. तुम्ही सगळे आजवर फुकटात बघत आलात ना!

व्रणाबद्दल डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत लांब चीर येईल, पण खाली, साडीच्या निऱ्यांखाली झाकली जाईल. आधी लाल, जाड दिसेल. नीट काळजी घेतली तर वर्ष-दीड वर्षात बारीक फिकट रेघ उरेल. ते 'नीट काळजी घेतली तर' माझ्या मनात पक्कं बसलं. व्रण बारीक राहायला हवा, एवढंच मला पाहिजे होतं. तो बिघडला तर 'कात्री लावायला कुणी सांगितलं होतं' असं म्हणायला सगळे टपून बसले होते. आणि खरं सांगते, तसं झालं असतं तर मीही मनातून त्यांच्याच बाजूला जाऊन उभी राहिले असते.

ऑपरेशन झालं आणि माझी आई आली. ती पाथर्डीच्या पुढे एका वस्तीवर राहते. वडील होते तोवर दोघांनी दरसाल ऊसतोडीला जाऊन संसार केला आणि मला वसतिगृहात ठेवून शिकवलं. तिला मी हर्नियाची गोष्ट सांगितली नव्हती. फोनवर खरं तेच सांगितलं, पोटाची जादा कातडी काढून घेतेय म्हणून. तिने एवढंच विचारलं, "तरास हुत हुता का?" मी जखमांचं सांगितलं. "मंग बरं केलं," ती म्हणाली. मला 'बरं केलं' म्हणणारी ती एकटीच.

पण आईच्या हिशेबी पोट कापलेली बाई म्हणजे बाळंतीण. त्यात तिला दुसरा प्रकार माहीतच नाही. आल्या आल्या तिने डिंकाचे लाडू काढले, माझ्या कानात कापूस घातला, डोक्याला रुमाल बांधला आणि भर उन्हाळ्यात पंखा बंद केला. मी म्हटलं, "आई, मूल नाही झालंय मला." ती "व्हय, व्हय" म्हणाली आणि खिडकीही लावून टाकली. मुली हसून हसून लोळल्या. मी वैतागले, तरी आईच्या हातचं आयतं खायला मिळत होतं, त्यामुळे फार ताणलं नाही.

टाके ताणू नयेत म्हणून मला वाकून चालावं लागत होतं. त्याने पाठ भरून यायची. आईने तवा तापवला, जुन्या सुती साडीची घडी त्यावर दाबली आणि पाठीला शेक दिला. काय सांगू, स्वर्ग. मग तिने विचारलं, "पोटालाबी दिऊ का? न्हाई दिला तर वारं धरतं." पाठीला एवढं बरं वाटलं होतं की मी हो म्हटलं. डॉक्टरांनी दिलेला पट्टा सोडून ती रोज दुपारी बेंबीखाली शेक द्यायला लागली. "लागतं का?" असं दर वेळी विचारायची. मी म्हणायची, "नाही गं, दे तू."

लागत नव्हतंच. बेंबीखाली मला तेव्हा काहीच कळत नव्हतं. मुंग्या येऊन पाय बधिर होतो तसं काहीतरी असेल, कापलंय म्हटल्यावर होणारच, असं मी धरून चालले होते. बधिर कातडीला चटकाही कळत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. एका संध्याकाळी परकर ओला लागला म्हणून आरशासमोर उभी राहिले. शिवणीच्या बरोबर मधोमध मोठा फोड येऊन फुटला होता आणि आजूबाजूची कातडी लालबुंद झाली होती. आई मागे उभी होती. तिने ते बघितलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुण्याला गेलो. डॉक्टरांनी बघितलं आणि आवाज चढवला. "हे कुणी केलं? शिकलेल्या बाई तुम्ही, सुपरवायझर आहात म्हणता." मग आईकडे वळून म्हणाले, "आजी, भाजलंत तुम्ही मुलीला. एवढा गरम कपडा, हाताला कळलं नाही का?" आई खाली मान घालून पदराचं टोक पिळत राहिली.

मी टेबलावर झोपलेली, पोट उघडं, आणि तशीच भडकले. "डॉक्टर, तुम्ही मला उन्हात जाऊ नका सांगितलं, वजन उचलू नका सांगितलं, व्रणाला कोणती पट्टी लावायची ते सांगितलं. इथे चटका बसला तरी कळणार नाही, गरम लावू नका, हे एक वाक्य सांगायला काय झालं होतं? आमच्याकडे पोट दुखवलेल्या बाईला शेक देतात. तुमच्या घरी कुणी बाळंत झालं नाही का कधी?" नर्स खिडकीबाहेर बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, सेन्सेशन कमी राहील असं ते सगळ्यांना सांगतात. सांगितलंही असेल, पण 'सेन्सेशन' म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे तवा येतो? शेवटी त्यांनी मलम लिहून दिलं. म्हणाले, जखम भरेल, पण मधला भाग रुंद आणि जाड राहील. भरल्यावर जेल लावून रोज चोळा, बघू किती बसतो.

घरी आल्यावर सगळ्यांना चेवच चढला. जाऊबाई म्हणाल्या, "देवाने दिलेल्या अंगाशी खेळ केला की असंच व्हायचं." फोड तव्याने आला, बाई, देवाला कशाला मध्ये आणता? आमचे हे समजूत काढायला आले. "अगं, साडीखाली कुणाला दिसणार आहे?" मी म्हटलं, "मला दिसतंय. अंघोळ मी करते ना, का गल्ली करते?" परत पेपर.

आणि आई. तिने मला हात लावणंच सोडलं. डॉक्टरांकडून आल्यापासून ती स्वयंपाक करायची, ताट माझ्यापासून हातभर लांब ठेवायची आणि ओट्याशी जाऊन बसायची. लाडू नाहीत, रुमाल नाही, पंखा हवा तेवढा फिरवा. जखम भरत आली तशी तिने पिशवीही भरायला घेतली. मला तिची कीव यायला हवी होती, पण आला राग. सगळ्यांवर होता तसा थोडा तिच्यावरही होता. डॉक्टरांनी हटकलं ते मला आवडलं नव्हतं, पण प्रश्न मलाही पडलेलाच होता. तव्यावरचा कपडा हातात धरलेल्या माणसाला तो किती तापलाय हे कळू नये म्हणजे काय?

ती जायच्या आदल्या दुपारी मी पलंगावर बसून व्रणाला जेल चोळत होते. मधला भाग जाड, जांभळट, बोटाला टोचावा असा झाला होता. मी मनातल्या मनात अख्ख्या जगाला शिव्या देत होते. आई दारात बसून मटकी निवडत होती. बराच वेळ माझ्याकडे बघून ती म्हणाली, "ते नव्यालाच लावत्यात, का जुन्यालाबी चालतं?"

"कसल्या जुन्याला?"

तिने दार लोटलं, पलंगावर येऊन आडवी झाली आणि लुगड्याची गाठ सैल केली. बेंबीपासून खाली उभा व्रण, दोन बोटं रुंद, दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा. माझ्या वसतिगृहाच्या दिवसांत कधीतरी तिची गर्भाची पिशवी काढली होती एवढं मला ठाऊक होतं. सुट्टीला गेले तेव्हा ती मोळ्या वाहत होती, म्हणून विषय तिथेच संपला होता. व्रण मी त्या दुपारी पहिल्यांदा बघितला.

"डाक्टर म्हनला पिशवी खराब हाय. काढली," ती म्हणाली. "टाकं निघाल्यावर लगी फडात गेलो. मुकादम थांबतो व्हय?"

"आणि लावायला काय दिलं होतं?"

"लावायला कशाचं? वाकलं की वढतंय जरा. सवय झाली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या व्रणाला जेल, पट्टी, तपासण्या, वर आवाज चढवणारा डॉक्टर. हिला नुसतं कापलं आणि मोळ्या उचलायला पाठवून दिलं. कोण तो डॉक्टर, कोण तो मुकादम, आता सापडले तरी काय करणार होते मी? जेलची ट्यूब हातात घट्ट दाबून बसले, बस.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "पोरी, म्या आंधळेपनानं न्हाई दिला शेक. डाक्टर म्हनला हाताला कळलं न्हाई का. हाताला काय कळनार? कोयत्यानं हात पार लाकूड झाल्यात माझं. म्हनून म्या दर बारीला कपडा आदी माझ्या पोटाला लावून बघायची. पोटाची कातडी मऊ, लगी कळतं. तिथं पोळलं न्हाई की मंगच तुला लावायची."

"पोटाला कुठे लावायचीस?"

"ही काय, हितंच. तुला जिथं द्यायचा तिथंच." तिने व्रणाच्या कडेला हात ठेवला आणि उचलून घेतला.

तिने हात ठेवला होता तिथे, व्रणाच्या कडेच्या कातडीत, मी अंगठ्याचं नख टेकवलं आणि दाबलं. मग आणखी दाबलं. नख रुतलं, भोवती पांढरी खूण उमटली. आई भिंतीकडे बघत शांत पडून होती.

"लाव की आता," ती म्हणाली. "कवाची पडलीया मी."