ऑरिनचं अपुरं पिंप

माझा नवरा ऑरिन जन्मभर गॅसचे मीटर वाचत गावभर हिंडला, पण त्याला कुणाचा हेवा वाटल्याचं मला आठवत नाही. शेजाऱ्याने नवा ट्रक घेतला, धाकट्या भावाने तळ्याकाठी घर बांधलं, हा आपला खुशाल. गर्व एकाच गोष्टीचा, घरी केलेल्या काळ्या बिअरचा. केंटकीतल्या आमच्या गावात घरी बिअर करणाऱ्यांचं मंडळ आहे आणि तिथे ऑरिनची जीभ म्हणजे शेवटचा शब्द.

मंडळाची रीत अशी, की व्हिस्की काढून रिकामं झालेलं ओकचं पिंप आणायचं, सगळ्यांनी एकाच कृतीने घरी बिअर करायची आणि ठरल्या दिवशी ती त्या एका पिंपात ओतायची. लाकडात मुरलेली व्हिस्की मग महिनोन्महिने तिच्यात उतरत राहते. ओतण्याआधी प्रत्येकाची बिअर चाखतात, कारण एकाची नासली तर सगळ्यांची गेली. पिंप आमच्या तळघरात, माझं कपडे धुण्याचं यंत्र त्यापायी जिन्याखाली ढकललेलं, तेव्हा चाखायचा मान ऑरिनचा.

गेल्या वसंतात डार्ला कूम्स मंडळात आली. शाळेची बस चालवायची, बिअर करायला नुकतीच शिकलेली. ऑरिनने तिची बिअर तोंडात घोळवली आणि त्याचा चेहरा उतरला. आंबटसर आहे, नको ओतूस, असं तो तिला म्हणाला. डार्ला वरमली, बुधला उचलून निघून गेली. मंडळींनी शंका घेतली नाही. मी घेतली, कारण चाखायला काढलेली तिची बाटली त्याने फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे दडवली होती.

पिंप अपुरं राहिलं. काठोकाठ भरलं नाही तर आत हवा राहते आणि बिअरचं व्हिनेगर होतं, हे ऑरिननेच सगळ्यांना शिकवलेलं. ती जागा मी भरतो म्हणाला. तेवढी बिअर केलीही. मग डार्लाच्या बाटलीतला एक घोट, आपला एक घोट, आणि आपली सगळी मोरीत. पुन्हा केली, पुन्हा मोरीत.

"अरे, कसलीही ओत, पण भर ते," मी म्हटलं.

तर माझ्यावरच डाफरला. तिच्या जागी तिच्याहून वाईट घालायची नाही म्हणे. जळत होता नुसता, झोपेतही कूस बदलत राहायचा. आणि खरं सांगते, मीही जळायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या हातच्या कशावर त्याने एवढा जीव टाकला नव्हता.

पानगळीत पिंप उघडायला मंडळी जमली, डार्लाही आली. मी बीन्सचं सूप आणि मक्याचा पाव केला होता. बूच काढलं आणि तळघरभर व्हिनेगरचा वास सुटला. सगळ्यांची मेहनत गेली. एकजण डार्लाला म्हणाला, तू तरी सुटलीस, तुझी त्यात नव्हती.

तिने ऑरिनकडे पाहिलं. "खरं सांग, माझी आंबट होती?"

"नव्हती," ऑरिन म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगली होती. मला ते सोसलं नाही."

आता ही हातातला पेला त्याच्या अंगावर भिरकावते, असं मला वाटलं.

"मग ओतू द्यायचीस ना, वेड्या," डार्ला म्हणाली. "पिंपात गेल्यावर कुणाची कुठली, कुणाला कळलं असतं?"

एवढ्या महिन्यांत माझ्या नवऱ्याला हे सुचलंच नव्हतं.