गुणाची पोरगी

जपानमधला एक पोरगा खोलीचं दार लावून बसतो आणि सगळ्यांना त्याची काळजी लागते. एका ॲनिमे कार्टून-मालिकेचा तो नायक. माणसांना घाबरणारा, एकटा, महिनोन्‌महिने बाहेर न पडलेला. करडी गावाजवळच्या आमच्या खेड्यात, स्वयंपाकघरात कांदे चिरता चिरता मी ती मालिका मोबाइलवर पाहिली, आणि शेवटच्या भागापर्यंत माझा राग वाढतच गेला. त्याच्या दारावर कोणी ना कोणी थाप मारत असतं. मला कोणी विचारलं नाही, कारण मी दार लावलंच नव्हतं. मी भांडी घासत होते.

नागपूरची नोकरी सोडून घरी आल्यानंतरची ही गोष्ट. आधी बसस्टॉपवर जाणं टाळलं, मग दुकानात, मग शेजारी. पुढे तर अंगणाच्या फाटकाला हात लावला तरी छातीत धडधडायचं, तळव्यांना घाम फुटायचा, जीव नकोसा व्हायचा. मी पोरगा असते तर गावभर बोंब झाली असती. वडिलांनी, आबांनी, हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. पण मी पडले पोरगी. पोरगी घरात आहे, यात कोणाला काय वावगं दिसणार?

धानाच्या रोवणीला अख्खं गाव बांधीच्या खाचरात उतरलं, मी तेवढी घरी. आई बायकांना म्हणाली, "शिकलेली पोरगी हाय, चिखलात कायले नेऊ तिले?" बायकांनी माना डोलावल्या. मला बाहेर जायची भीती वाटते, हे मी आईला स्पष्ट सांगितलं होतं. "मंग नोको जाऊ," ती म्हणाली, "कोण धाडून राहिलं तुले?" आणि निवडायला तांदळाचं सूप माझ्यापुढे सरकवलं.

दिवाळीनंतर गावची मंडई आली. मंडई म्हणजे नुसती जत्रा नव्हे. दिवसा दंडारीचं नाचगाणं, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे, आणि पाहुण्यांच्या निमित्तानं पोरी बघणं. आत्यानं आणलेले पाहुणे ओसरीवर बसले होते. मुलगा, त्याची आई, त्याचे काका. मी चहा घेऊन गेले तेव्हा आत्या अगदी रंगात आली होती.

"गुणाची पोरगी हाय. पावसाळ्याच्या आधीपासून फाटकाच्या बाहेर पाय नाही ठेवला तिनं. मंडई दारात आली, पन पाहा, जाते का?"

माझं डोकंच फिरलं. माझं दुखणं ही बाई माझा गुण म्हणून खपवत होती! मी ट्रे खाली आपटला.

"मले बाहेर जाताच येत नाही," मी मुलाच्या आईला म्हटलं. "जीव घाबरते माझा. हा आजार हाय, गुण नाही."

ती बाई हसली, अगदी मायेनं.

"मंग त चांगलंच हाय, बाई. आमच्या घरी बाहेर जायचं कामच नाही पडत."

सगळे हसले. आबाही हसले. ते आबांचं हसणं मला आजही सहन होत नाही. मी पायात चपलासुद्धा न घालता फाटक उघडलं आणि बाहेर पडले. धाडस वगैरे काही नव्हतं, नुसता संताप होता. ढोलकी, भोंगे, धूळ, आणि जिकडेतिकडे माणसं. उकडलेले शिंगाडे विकणाऱ्या एका म्हातारीपाशी पोचले आणि तिथंच मटकन खाली बसले, घामानं ओलीचिंब. तिनं मला पाणी दिलं. "कोणासंग आली, माय?" तिनं विचारलं. तेवढ्यात आत्या शोधत आली, आणि तिच्या मागं पाहुणेही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. पोरगी तशी पसंत होती, पण मंडईत एकटी, उघड्या पायांनी भटकणारी सून त्यांना नको होती. आजाराबद्दल एक अक्षर नव्हतं.

आई चुलीपाशी बसून ढसाढसा रडली. मी दारात उभी राहून बघत होते. एवढ्या महिन्यांत ती माझ्यासाठी पहिल्यांदाच रडत होती, आणि रडत होती ती मी बाहेर गेले म्हणून.