न चाखलेला मसाला

जानेवारीतला दुसरा रविवार. गच्चीवर हजर: मी, हे, दीर, जाऊबाई आणि गोरव्यातल्या कारखान्यातून करवून आणलेल्या लोखंडी पिंपात सकाळपासून धुरावर शिजणारं दोन किलो मटण.

मसाला कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानदाराचा. तो मांस सोडाच, लसूणही खात नाही. पण बार्बेक्यूचे सॉस आणि मटणाला चोळायचे मसाले निवडावेत ते त्याच्याच सल्ल्याने. गिऱ्हाइकांनी सांगितलेली प्रत्येक चव त्याला पाठ असते. "आ नको बेन, गोड जास्त आहे, वरून जळेल," म्हणत महागडी बाटली त्याने मला कधी घेऊच दिली नाही.

यंदा बाहेरून येणारा तयार मसाला आला नाही, म्हणून लोकांच्या वर्णनावरून त्याने स्वतःच एक केला. "पहिली पुडी तमने. टेस्ट कसा आला ते कहेजो हां. तुम्ही हो म्हणाल तरच विकायला ठेवीन."

मटण चाखलं. गोडी, तिखटपणा, लसूण, सगळं नेमकं होतं. मीठ अजिबात नव्हतं.

"त्याला मिठाबद्दल आपण कधी काही बोललोय का?" जाऊबाई म्हणाल्या.

त्यानंतर मी दोनदा दुकानात गेले. दोन्ही वेळा तो हातातलं माप ठेवून माझ्याकडे बघत राहिला आणि मी साबण घेऊन परतले. माझ्या कामांच्या यादीतलं एकच काम राहिलं आहे: त्याला मिठाचं सांगणे.