आबांच्या पडवळाचा मांडव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही — देवापुढे उभी राहिले तरी हात जोडून मी भलतंच काहीतरी पुटपुटते. सहा वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला तरी सांगता येईल असं वाटतं. येईल ना? बघते.

मी खेडला राहते, एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. माहेर पोलादपूरचं. मधे कशेडीचा घाट. आता बोगदा झालाय, डोळा लागेपर्यंत पलीकडे पोचतो माणूस. तेव्हा घाटच होता. पावसात दरड आली की ट्रकांची रांग लागायची आणि रस्ता कधी सुटेल ते कुणालाच सांगता यायचं नाही. इकडच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. ‘घाट बंद आहे’ म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, एसटीचे ड्रायव्हर होते. तीस-बत्तीस वर्षं गाडी चालवली, त्यातली बरीचशी याच घाटात. रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी आई गेली. मग त्यांनी घरामागची जागा हातात घेतली. आमचं घर हायवेपासून आत, नदीकडे उतरत जाणाऱ्या रस्त्यावर. मागे पाच-सहा गुंठे दगडाळ जमीन होती, तिथे आई फक्त कपडे वाळत घालायची. आबांनी दगड वेचून बांध घातला. अळू लावलं, केळी लावल्या, मिरच्या, अबोली, गवती चहा, एक पपनस. वेल बांधायला गाडीच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवायचे. रोपं दाट झाली की उपटून लांब लावताना त्यांना सांगायचे, “चला, पुढे सरका, पुढे जागा हाय.” मी हसायचे. पहिली एक-दोन वर्षं हसायचे.

मग मला त्याचा कंटाळा यायला लागला. हे लिहिताना हात थांबतोय, पण खरं आहे. मी आठवड्याची दमलेली, रविवारी गाडीत उभी राहून जायची, आणि आबा पहिलं वाक्य बोलायचे ते वांग्याला लागलेल्या किडीचं. मी कशी आहे, हे त्यांनी विचारलंय असं आठवत नाही. विचारलंही असेल, मी ऐकलं नसेल. घर झाडायचं, पुढच्या चार दिवसांचं कालवण करून ठेवायचं, मग बागेत माती उपसायची. परत येताना पिशवीत अळूची जुडी. घरी आल्यावर ते अळू मी कितीदा तरी शेजारी देऊन टाकलंय.

हे सगळं मी कारण म्हणून सांगत नाहीये. — की सांगतेच आहे?

तो जूनमधला शनिवार होता. सकाळी नऊच्या सुमारास आबांचा फोन आला. “उद्या येतेस काय गो बाय? पडवळाचा मांडव घालायचाय. एकट्यानं जमत नाय. एक माणूस वर, एक खाली, अशी दोघं लागतात.” नवरा आणि मुलगी रत्नागिरीला गेले होते, तिची कसलीशी स्पर्धा होती. म्हणजे कितीतरी महिन्यांनी मला एक अख्खा रविवार एकटीला मिळणार होता. मी झोपणार होते. एवढंच. दुसरं काही ठरलेलं नव्हतं, कुणी आजारी नव्हतं, काही अडलेलं नव्हतं.

“येता येत नाही आबा,” मी म्हटलं. “घाटात दरड आलीय. रस्ता बंद आहे.”

त्यांच्या मागे कुठलासा हॉर्न वाजला. मग म्हणाले, “बरं. जपून ऱ्हा.” आणि फोन ठेवला.

माझा गुन्हा हाच, असं तुम्हाला वाटेल. मलाही असंच वाटावं म्हणून मी बरीच वर्षं झटले. म्हाताऱ्या बापाशी कंटाळून एकदा खोटं बोलले — कोण बोलत नाही? एवढंच असतं तर हे मी कधीच कुणाला तरी सांगून टाकलं असतं. सांगता येत नाही ते याच्या पुढचं आहे.

रविवारी बारा वाजता सुलभावैनींचा फोन आला. त्या आमच्या शेजारी, आबांच्या घरात दिवसातून चारदा डोकावणाऱ्या. आबा एकटेच शिडीवर चढले होते. बांबू बांधता बांधता शिडी घसरली आणि ते बांधाच्या दगडांवर पडले. “डोक्याला लागलंय ओ ताई. पन बोलतायत. आमी गाडी आणलीय, म्हाडला नेतो.” आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच म्हटलं, “तुमी घाबरू नका, घायबी करू नका. घाट बंद हाय, आबांनी सांगितलं. घाट सुटला की या.”

माझंच खोटं असं माझ्यासमोर येऊन थांबलं. मी फक्त एवढं म्हणायला हवं होतं — नाही वैनी, आत्ताच कळलं, रस्ता चालू झालाय, मी निघते. एवढं खोटंसुद्धा चाललं असतं. दरड काढायला कितीसा वेळ लागतो? कुणी शंका घेतली नसती. आज मला अशी दहा वाक्यं सुचतात. त्या वेळी एकही सुचलं नाही. मनात एवढंच आलं, की लगेच पोचले तर आबा माझ्याकडे बघतील आणि त्यांना कळेल.

मी म्हटलं, “हो.”

मग मी घरात बसून राहिले. खेडहून महाडला पोचायला फार तर दोन तास. आबा बोलतायत, मी स्वतःला सांगत होते. डोक्याला लागलं की रक्त जास्त दिसतं, चार टाके पडतील. दोन-तीन तासांनी निघालं की शोभेल. मी वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या. नवऱ्याचा शर्ट दोनदा घडी घातला, कारण पहिल्यांदा बाही आत राहिली होती. असलं सगळं कसं लक्षात राहतं? कुणी विचारलं तर त्या तीन तासांतलं मिनिट न् मिनिट सांगू शकेन मी. कुणी विचारलेलं नाही.

तीनला मी निघाले. मिळाली ती एसटी पकडली. पाऊस उघडला होता. घाटात गाडी कुठेही थांबली नाही. कुठे माती नव्हती, दगड नव्हता. एका वळणावर दोन बायका करवंदं विकायला बसल्या होत्या, तेवढंच.

पाच वाजता महाडच्या दवाखान्यात पोचले तेव्हा वैनी बाहेर पायरीवर बसल्या होत्या. डॉक्टर मुंबईला हलवायची तयारी करत होते, तेवढ्यात आबा गेले. चार वाजून दहा मिनिटांनी. शेवटपर्यंत शुद्धीवर होते, वैनी म्हणाल्या. गाडीतसुद्धा दोनदा सांगत होते — बायला बोलवू नका, घाट बंद हाय, उगाच अडकून पडेल.

मग वैनींनी डोळे पुसत विचारलं, “कधी सुटला ओ घाट?”

“दोनला,” मी म्हटलं.

बघा. तेव्हासुद्धा. आबा आत पडलेले होते आणि मी वेळेचा हिशेब जुळवत होते.

दहा-बारा दिवस माणसांची रीघ होती. जो येईल तो माझ्या पाठीवरून हात फिरवी. घाटापुढे कुणाचं काय चालतंय, तुझा काय दोष. माझा भाऊ डोंबिवलीहून आला. तो माझ्याहून लहान, तापट. त्याने सगळ्यांसमोर त्या घाटाला शिव्या घातल्या — रस्ता चालू असता तर ताई पोचली असती, आबांना निदान कुणी आपलं दिसलं असतं. माझ्या गळ्यात पडून रडला. मी त्याच्या पाठीवर थोपटत राहिले. आजही श्राद्धाला तो आलेल्या माणसांना हेच सांगतो, आणि मी शेजारी उभी राहून पानात भात वाढत असते.

तेराव्याला कदममामा आले. आबांबरोबरचे ड्रायव्हर, वयाने बरेच लहान, तेव्हा अजून नोकरीत होते. जेवण झाल्यावर सगळे पांगले तसे ते मागच्या दारी आले. मी भांडी आत घेत होते. ते बराच वेळ बागेकडे बघत उभे राहिले.

“शनवारी मी स्टँडवर हुतो,” ते म्हणाले. “आबांबरोबर चाय घेत. तुजा फोन झाला नि आबा म्हनले, घाट बंद झालाय. मी हसलो. म्हटलं, आबा, मी आत्ता खेडवरनं गाडी घेऊन आलो, त्याच घाटानं. तर माज्यावरच डाफरले. म्हनले, पोर सांगते बंद हाय, म्हंजे बंद हाय. तू गप चाय पी.”

माझ्या हातात पातेलं होतं. मी ते खाली ठेवलं नाही.

“मी कुनाला बोललो नाय,” कदममामा म्हणाले. “बोलनारबी नाय.” आणि पुढच्या दाराने निघून गेले.

म्हणजे आबांना ठाऊक होतं. ज्या घाटात त्यांचा जन्म गेला, त्याची बातमी मी त्यांना देत होते. त्यांना पहिल्या शब्दाला कळलं होतं, आणि ते खोटं त्यांनी उचलून आपलं केलं. शेजाऱ्यांना सांगितलं. रक्त जात असताना गाडीत सांगितलं. मी ज्या नजरेला भिऊन तीन तास बसले, ती नजर तिथे नव्हतीच. होती का? मला आता कधीच कळणार नाही. कदममामांना शनिवारचं माहीत आहे. रविवारचा तो ‘हो’ मात्र कुणाला माहीत नाही.

त्यानंतर मी दर रविवारी पोलादपूरला जाऊ लागले. पहिल्या रविवारी वैनींना हाताशी घेऊन मांडव पुरा केला. मी वर, त्या खाली. आबांनी लावलेलं बी तोवर वीतभर वर आलं होतं. श्रावणात पडवळं लोंबायला लागली, तेव्हा ती वाकडी होऊ नयेत म्हणून टोकाला दोऱ्याने छोटे दगड बांधायचे हे वैनींनी शिकवलं. आबा असंच करायचे, म्हणाल्या. मी इतकी वर्षं त्या बागेत जात होते आणि मला हेही माहीत नव्हतं.

सगळ्यांत अवघड आता सांगायचंय. मला तिथे बरं वाटतं.

शिक्षा म्हणून गेले असते तर ठीक होतं. मी तशी जात नाही. आळ्यात बसून तण काढू लागले की श्वास शांत होतो. माती हाताला गार लागते. अबोलीला पाणी घालताना कधी कधी मी आबांच्या आवाजात बोलते — पुढे सरका — आणि मला हसू येतं. आठवड्याचे सहा दिवस मी माणसांत असून एकटी असते, सातव्या दिवशी त्या बागेत खरोखरची एकटी असते आणि ते सोसवतं. दुपारी पपनसाच्या सावलीत चटई टाकून झोपते. हो, झोपते. ज्या झोपेपायी मी गेले नव्हते, ती मला आता तिथेच लागते. याला काय म्हणायचं? मला शब्द माहीत नाही. निर्लज्जपणा असेल. येणारे-जाणारे म्हणतात, लेक असावी तर अशी, बापाची बाग जपलीन. मी मान खाली घालते, त्यांना वाटतं मी लाजले.

गेल्या रविवारी मी वैनींना सांगायचं ठरवून गेले होते. त्या आता थकल्यात, पण शेंगा तोडायला येतात. दोघी वाफ्याच्या दोन बाजूंना होतो.

“वैनी, एक सांगायचंय तुम्हाला,” मी म्हटलं.

“सांगा की,” त्या म्हणाल्या. मान वर करून थांबल्या.

“पपनसाला या वर्षी फळं बरीच धरलीयत.”

“धरलीयत खरी,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा तोडू लागल्या.

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले आणि हे लिहायला बसले.

याची एक प्रत मी भावाला पाठवणार आहे. वैनींना वाचता येत नाही. त्यांना मी येत्या रविवारी वाचून दाखवीन — त्यांच्याच ओटीवर, त्या कामाला लागायच्या आधी. शेवटच्या ओळीपर्यंत, मधे न थांबता. त्यांनी नंतर काय म्हणावं, ते मी मनात ठरवून जाणार नाही.