हाना, ग्रेस आणि आमच्या इंदापूरच्या केसेस

आमच्या कामात किस्से कुणी जमवत नाही, ते अंगावर येतात. दिवसभर कुणाच्या तरी घरातली मारझोड ऐकून ऑफिसात परत यायचं, चहा टाकायचा, की कुणीतरी म्हणतंच, "आज काय झालं माहितीये का?" घडताना हातपाय गार पडलेले असतात आणि सांगताना आम्ही हसत असतो. बाहेरच्यांना विचित्र वाटतं. वाटू दे!

संस्था छोटीशी, इंदापुरातली, पण शेजारच्या तालुक्यातल्या केसेसही आमच्याकडेच. प्रमुख शैलाताई, जीप चालवणारे बबनतात्या आणि मी, सणसरची, समाजकार्य शिकून इथंच रमलेली. एका वर्षी आमच्याकडे दोघीजणी कामाच्या अनुभवासाठी आल्या. हाना जर्मनीची, तिथल्या सरकारी बालकल्याण खात्यात नोकरी केलेली. ग्रेस केनियाची, आपल्या गावाकडे मुलींसाठी काम करणारी. भाषांतराला मी. त्या दोघी आल्या आणि किस्स्यांना नुसता पूर आला.

*

सणसरजवळ ऊसतोड चालू होती. टोळीतली मुलं बघायला हानाला घेऊन गेले. फडाच्या कडेला बैलगाडी उभी, चाकाला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक नुकत्याच पळायला लागलेल्या एका पोराच्या कमरेला.

हाना पांढरीफटक पडली. "आमच्याकडे असं दिसलं तर मूल लगेच ताब्यात घेतात," म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत तिनं गाठ सोडली.

पोरगं सुटलं ते थेट कालव्याकडे! कालवा काठोकाठ भरून चाललेला. हाना त्याच्या मागं, मी हानाच्या मागं, ढेकळांत पाय मुरगळतायत, आणि पोराला वाटतंय खेळ चाललाय. तेवढ्यात आमच्या बाजूनं कुणीतरी सुसाट गेलं. त्याची आई. कोयता तिथंच टाकून आलेली. अगदी काठावर तिनं पोराचा दंड धरला.

आता ही आम्हाला फाडून खाणार, असं मला वाटलं. तिनं दम खाल्ला आणि हानाला विचारलं, "तुमच्या देशात आई कामाला गेल्याव लेकराला कुठं बांधत्यात?"

मी भाषांतर केलं. हाना धापा टाकत म्हणाली, "बांधत नाहीत. सरकारी पाळणाघर असतं."

"मंग त्ये आना की हितं! दोरी मी आत्ता सोडते."

हानानं पुढं केस नसेल तो प्रत्येक दिवस त्याच फडावर, ताडपत्रीखाली पाळणाघर चालवण्यात काढला.

*

मोरगावकडच्या एका वस्तीवरून निरोप होता, की नवरा बायकोला बेदम मारतो. हाना म्हणाली, "गोपनीयता पाळायला हवी. संस्थेचं नाव लिहिलेली जीप नको." पटलं. आम्ही एसटीनं निघालो. साधे कपडे, तोंडाला कुलूप.

कंडक्टर तिकीट फाडता फाडता मोठ्यानं म्हणाला, "त्या मारहानीच्या केसला निगालाव न्हवं? मंग मोरगावला नगा उतरू, फुडच्या फाट्याव उतरा!"

सगळी बस आमच्याकडे वळली. मागून एक म्हातारी म्हणाली, "लवकर जावा बायांनो, आज बाजार हाय, त्यो पिऊन येनार."

मी शरमेनं अर्धी झाले. हाना इतकी भडकली की मला म्हणाली, "विचार त्याला, एका बाईची खासगी गोष्ट अख्ख्या बसला कशी माहीत?"

मी विचारलं. कंडक्टरचा आवाज एकदम खाली आला. "ताई, समद्यांना ठावं हाय म्हनून तर ती अजून जित्ती हाय. तिच्या घरातनं आवाज आला की शेजारचे दार वाजवत्यात."

आम्ही पोचलो तेव्हा शेजारच्या दोन बायका तिच्या ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. घरी निवडायची सोडून तिथं! नवरा कोपऱ्यात गुमान. ती बाई आमच्याबरोबर निघाली तेव्हा तिची पिशवी त्याच दोघींनी भरून दिली.

*

लोणी भापकरच्या पुढं एका वस्तीवर शाळकरी मुलीचं लग्न लावतायत, अशी खबर आली. शैलाताई, ग्रेस, मी आणि एक पोलीस हवालदार जीपमधून पोचलो. मांडव होता, वाजंत्री होती, फक्त नवरी नव्हती.

"लगीन? कुनाचं लगीन? वास्तुशांत हाय!" घरमालक म्हणाला. घर पाचपन्नास वर्षांचं तरी असेल!

खोल्या पाहिल्या, माळा पाहिला, गोठा पाहिला. मुलगी नाही. तोवर नवऱ्या मुलाकडची माणसं जीपभोवती गोळा झाली. एकानं चाकातली हवा सोडली. बबनतात्या स्टेअरिंग घट्ट धरून आत बसून होते. हवालदारानं हळूच आपला फोन खिशातून काढला, तर रेंज नाही.

 ग्रेस एकदम घराच्या मागं चालू लागली. तिथं बायका खरकटी भांडी घासत होत्या. ग्रेस प्रत्येकीचे पाय बघत गेली आणि जुन्या लुगड्यात पदर ओढून बसलेल्या एकीपाशी थांबली. हात राखेनं काळे. घोट्याला पिवळीधमक हळद!

"आमच्याकडेसुद्धा भांडी घासणाऱ्यांतच लपवतात," ग्रेस मला म्हणाली. "हातांचा रंग धुतात, पायांचा विसरतात."

मुलगी उठून सरळ ग्रेसला बिलगली. गर्दी पुढं सरकली. मुलीचे आजोबा काठी आपटत आडवे आले. "आमाला शिकवनारी तू कोन? तुजं लगीन कितव्या वर्सी झालं ते सांग आदी!"

मी घाबरत भाषांतर केलं. ग्रेस शांतपणे म्हणाली, "हिच्याएवढी असताना ठरलं होतं. मी पळून गेले. आमच्याकडे कुणाची जीप आली नव्हती."

मी ते मराठीत सांगितलं.  आजोबांनी काठीनंच पोरांना बाजूला सारलं. "हवा कुनी सोडली रं? भरा ती!"

*

पुढं हानानं मला जर्मनीत तिच्या गावी बोलावलं; आता ती एकट्या वृद्धांचं बघायची, ते काम दाखवायला. एके सकाळी फोन आला: तिसऱ्या मजल्यावरचे एकटे आजोबा दार उघडत नाहीत. आम्ही धावलो. बेल वाजवली, हाका मारल्या. आतून काही नाही. कुलूपवाला आला. तो ड्रिल मशीन लावत असताना मी भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले. आत काय दिसणार, हे मला ठाऊक होतं.

दार उघडलं. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसलेले! समोर कॉफीची किटली आणि कप मांडलेले.

"हाका ऐकू आल्या नाहीत का?" हाना ओरडलीच.

"आल्या ना," आजोबा म्हणाले. "पण दार उघडलं असतं, तर तुम्ही दारातूनच गेला असता."

हाना खाली बसली, आम्ही कॉफी प्यायलो. परत आल्यावर हे मी बबनतात्यांना हसत हसत सांगितलं. तात्या हसले नाहीत. "आमचं थोरलं चुलतं घरात मानसांचा बाजार आसून दोन दिस उपाशी हुतं," ते म्हणाले. "परत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं वाढलं आसंल."

*

आणि हा किस्सा दोघी इथं होत्या तेव्हाचा.

भर दुपारी एक तरुण बाई कडेवर मुलगी घेऊन ऑफिसात शिरली. गाल सुजलेला. शैलाताईंनी तिला आतल्या खोलीत नेलं. पाणी पिऊन होतंय तोच बाहेर ट्रॅक्टर थांबला. नवरा. हातात कोयता.

मी बाहेरचं दार लावून घेतलं. त्यानं दारावर कोयत्याचा पहिला घाव घातला. "भाईर काढा तिला! न्हायतर एकेकीला तोडतो!"

हाना कुजबुजली, "आमच्याकडे टेबलाखाली बटण असतं. दाबलं की पोलीस येतात."

"आमच्याकडे फोन आहे," शैलाताई म्हणाल्या. "ते निघालेत म्हणे. कुठून, ते नाही सांगितलं!"

दुसरा घाव. फळीला चीर गेली. ग्रेसनं कपाट ओढून दाराला लावलं. आतली मुलगी रडायची थांबली होती, तेच जास्त भीतीचं वाटत होतं.

एकदम बाहेर शांतता झाली. मग एका म्हातारीचा आवाज. "थांब रं. दार फोडून काय हुतंय? मी जाते आत. माज्यासंगं येती ती."

त्याची आई. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलेली. दार किलकिलं करायचं की नाही? मी शैलाताईंकडे बघितलं. त्यांनी मानेनंच हो म्हटलं. ग्रेसनं कपाट जेमतेम माणूस मावेल इतकं सरकवलं, मी कडी काढली.

म्हातारी आत आली. डोक्यावरचा पदर सारखा केला. आतल्या खोलीच्या दारात सून मुलीला छातीशी धरून उभी होती. बाहेरून तो ओरडला, "आये, आन तिला भाईर!"

म्हातारीनं वळून दाराला आतून कडी घातली. स्वतःच्या हातानं कपाट परत ढकललं. मग सुनेशेजारच्या खुर्चीवर बसली आणि शैलाताईंना म्हणाली,

"बाई, हिचं झालं की माजी बी केस घ्या."